बाबा पदमनजी : पाप, लाज आणि विधवेचे कपाळ

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : उत्तरेश्वराचे देवस्थान आणि कुंकू. दौंड-सोलापूर लोहमार्गावरील या गावात कुंकू तयार करण्याचा धंदा पूर्वापार चालत आला असून येथले कुंकू जिल्ह्याबाहेर दूरदूरच्या बाजारांत जाते. ज्या चिन्हावर एका गावाचा चरितार्थ चालतो त्या चिन्हाचा सामाजिक अर्थ मात्र त्याच्या लावण्यापेक्षा त्याच्या पुसण्यात अधिक स्पष्ट होतो. सौभाग्यवतीच्या कपाळावरील कुंकू हे रोजच्या सवयीने जवळजवळ अदृश्य झालेले असते. विधवेचे मोकळे कपाळ मात्र रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही तिची सगळी कहाणी सांगून टाकते. मराठी भाषेने तर फुटणे, तुटणे, पुसणे या क्रियापदांनाच विटाळ मानला आणि बांगडी फुटली की ती ‘वाढली’, असे म्हणण्याची रीत पाडली. ज्या गोष्टीचा उच्चारही भाषेला सोसत नव्हता तिच्यावर मराठीत एक संपूर्ण गद्यकथा प्रथम रचली ती बाबा पदमनजी यांनी, १८५७ साली. ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी की केवळ धर्मप्रसाराची पुस्तिका, या वादात तिच्या कर्त्याचे चरित्र बहुधा मागे पडले आहे. ते चरित्र पाप, लाज आणि स्त्रीत्व या तीन शब्दांच्या आधारे वाचले तर कादंबरीही निराळी दिसू लागते.

बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगाव येथे कासार ज्ञातीत झाला. वडील सरकारी नोकरीत होते, घर खाऊनपिऊन सुखी होते आणि धर्माच्या बाबतीत अत्यंत नेमस्त होते. बाबांच्या घरी प्रत्यक्ष धंदा नसला तरी कासार या नावाचा महाराष्ट्रातील खेडोपाडी असलेला संबंध विसरता येत नाही. लग्नसराईत आणि सणावारी घरोघरच्या स्त्रियांच्या हातांत बांगड्या भरणारा तो कासार. परक्या स्त्रीचा हात हातात घेण्याची मुभा गावाने ज्या थोड्या पुरुषांना दिली होती त्यांत त्याचा समावेश होता आणि ज्या घरी त्याचे येणे थांबले त्या घरात काय घडले हे निराळे सांगावे लागत नसे. योगायोगाला फार अर्थ देऊ नये हे खरे. तरीही बांगड्या, कुंकू व केस यांच्या हरणाची कथा मराठीत एका कासाराच्या मुलाने लिहिली, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

बाबांचे बालपण व्रते, स्तोत्रे, उपास आणि देवदेवतांच्या भयात गेले. पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी या घरगुती धर्माचे जे तपशीलवार चित्र रेखाटले त्याला एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात तोड नाही. ख्रिस्ती झाल्यानंतर लिहिलेल्या या पुस्तकात जुन्या श्रद्धेविषयी टीका आहे, परंतु त्या श्रद्धेचा वास, रंग आणि तिची धास्ती लेखकाच्या स्मरणातून गेलेली नाही. पापाची भावना त्यांना मिशनऱ्यांनी शिकवली असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. विटाळ, दोष, प्रायश्चित्त यांच्या रूपाने ती त्यांच्या घरात होतीच. मिशनऱ्यांनी तिची जागा बदलली : पाप स्पर्शातून व आचारातून काढून त्यांनी ते अंतःकरणात नेऊन ठेवले.

बेळगावात त्यांचे शिक्षण लंडन मिशनच्या शाळेत झाले. या तपशिलाकडे मराठी अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. १७९५ साली स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीचा मुख्य आधार इंग्लंडमधील स्वतंत्र मंडळ्या, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचे लोक, हा होता; आणि हा पंथ सतराव्या शतकातील प्युरिटन चळवळीचा थेट वारस होय. राजाश्रयी चर्चचा थाट, मूर्ती, सण आणि विधी यांना विटलेले, प्रत्येक माणसाने आपल्या आत्म्याचा हिशेब स्वतः द्यावा असे मानणारे आणि त्याचबरोबर सगळ्या मंडळीने प्रत्येकाच्या वागणुकीवर डोळा ठेवावा असेही मानणारे हे लोक. त्यांच्यातील काही समुद्र ओलांडून अमेरिकेत मॅसेच्युसेट्स येथे गेले आणि तेथे त्यांनी धर्मराज्य उभे केले. त्यांच्याच वंशजांनी १८१० साली परदेशी धर्मप्रसारासाठी अमेरिकन बोर्ड स्थापन केले. त्या बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले. त्यांनी १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे वसवले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले आणि १८६० नंतरच्या दशकात, लोहमार्ग सोलापूरपर्यंत पोहोचल्यावर, सोलापुरातही आपले काम मांडले. प्युरिटन हा शब्द मराठी वाचकाला परक्या इतिहासातला वाटतो, पण त्या परंपरेचे लोक बेळगाव, नगर आणि सोलापूर येथे शाळा चालवीत होते.

प्युरिटन वाङ्मयही मराठीत लवकर आले. जॉन बन्यन या सतराव्या शतकातील इंग्रज प्युरिटन उपदेशकाच्या जगप्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये निघाले. पापाचे ओझे पाठीवर घेऊन निघालेला यात्रेकरू, वाटेत भेटणारी माणसे, प्रत्येक भेटीतून मिळणारा धडा आणि अखेरीस मुक्ती हा तिचा साचा. ‘यमुनापर्यटना’ची बांधणी पाहिली म्हणजे या साच्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की बन्यनचा यात्रेकरू आपल्या बायकोला व मुलांना मागे टाकून निघतो आणि पदमनजींच्या कथेत प्रवास करते ती स्त्री. हा फरक लहान नाही.

पुढील शिक्षणासाठी बाबा मुंबईस आले आणि फ्री चर्चच्या शाळेत दाखल झाले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चची शिकवणही कॅल्व्हिनच्या कडक परंपरेतली. याच काळात त्यांचा संबंध परमहंस सभेशी आला. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण आदी मंडळींनी १८४९ मध्ये स्थापन केलेली ही सभा जातिभेद न मानणाऱ्या सुशिक्षितांची होती. सभासद एकत्र प्रार्थना करीत आणि सोवळेओवळे बाजूला ठेवून परजातीच्या हातचे अन्न खात. परंतु हे सारे बंद दाराआड चाले. घरी परतल्यावर तेच सभासद पंक्तिभेद पाळीत, जानवी सावरीत आणि प्रसंगी प्रायश्चित्तही घेत. सभेची कागदपत्रे १८६० साली चोरीला गेली, सभासदांची नावे बाहेर फुटणार असे दिसताच एकच घबराट उडाली आणि सभा मोडली. तोवर बाबा तिच्यापासून फार दूर गेले होते. मनाने एक आणि जनात दुसरेच असण्याची जी विद्या त्या सभेने शिकवली तिचा त्यांना उबग आला होता, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणता येते. बाप्तिस्म्याकडे त्यांना ओढणाऱ्या कारणांत उघडपणाचे हे आकर्षण धरले पाहिजे. प्युरिटन धर्मभावनेत गुप्त पाप हे उघड पापाहून मोठे असते.

स्त्रियांचा प्रश्न बाबांच्या लेखनात धर्मांतरापूर्वीच आलेला आहे. ‘स्त्रीविद्याभ्यास’ या विषयावरील त्यांचा निबंध १८५२ चा. ‘व्यभिचारनिषेधक बोध’ १८५४ चा. विशी-बाविशीतल्या तरुणाने व्यभिचारावर पुस्तक लिहावे ही गोष्ट आज थोडी चमत्कारिक वाटते. त्या काळच्या मुंबईत ती तशी नव्हती. नाचगाणे, रखेली, शिमग्याचा धिंगाणा यांविषयी मिशनऱ्यांच्या आणि सुधारकांच्या पत्रांतून सतत लिहिले जात होते. या बोधाचे महत्त्व असे की त्यात पुरुषाच्या वर्तनाकडे पापाच्या दृष्टीने पाहण्याची तयारी आहे. धर्मशास्त्रातील प्रायश्चित्तांची यादी काहीही सांगो, व्यवहारात व्यभिचार हा शब्द स्त्रीला चिकटत असे आणि पुरुषाच्या वाट्याला फार तर नाद, छंद, शौक असे सौम्य शब्द येत. बाबांनी तो शब्द दोघांनाही लावला. त्यांच्या भाषेत येथे उपदेशकाचा कोरडेपणा आहे हे मान्य करावे लागते. तीन वर्षांनी कथेच्या आश्रयाला गेल्यावर तो बराच कमी झाला.

सप्टेंबर १८५४ मध्ये बेळगाव येथे बाबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे लग्न तत्कालीन रीतीप्रमाणे आधीच झालेले होते. पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही.

या एका वाक्यात जे दडले आहे ते त्या काळच्या अनेक ख्रिस्ती घरांत घडले होते. नवऱ्याने धर्म सोडला की ज्ञात त्याला मेलेला समजे आणि काही ठिकाणी घटस्फोटाचा विधी करून त्याच्या नावाने स्नानही केले जाई. मग त्याच्या बायकोने कुंकू लावावे की पुसावे? नवरा जिवंत होता, म्हणून ती विधवा नव्हती. तो ज्ञातीला मेला होता, म्हणून ती सौभाग्यवतीही नव्हती. त्याच्याबरोबर जावे तर माहेर, सासर, देव आणि गाव सारेच सुटणार. न जावे तर जन्मभर दुसऱ्याच्या घरी, कोणत्याच नावाशिवाय राहायचे. हा पेच इतका सार्वत्रिक झाला की १८६६ मध्ये सरकारला धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा करावा लागला. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने वेगळा राहिला असेल तर अर्ज करावा, न्यायालयाने वर्षभराची मुदत द्यावी आणि त्यानंतरही तो येत नसेल तर विवाह मृत्यूने संपल्याप्रमाणे समजून दोघांनाही पुन्हा लग्नाची मोकळीक असावी, अशी त्याची रचना. जिवंत माणसाला मेलेला धरण्याची ज्ञातीची पद्धत कायद्यानेही निराळ्या मार्गाने स्वीकारली, हे पाहण्यासारखे आहे. मोकळीक दोघांना दिली गेली. ती वापरता आली बहुधा पुरुषालाच. हिंदू घरात राहिलेल्या त्या बायकोला दुसरे लग्न कोण लावून देणार होते?

बाबांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रश्न येथे उभा राहतो. विधवेच्या दुःखाचा मराठीतील पहिला कथाकार स्वतः एका स्त्रीच्या त्या अधांतरी अवस्थेला कारण झाला होता. त्यात त्यांचा दोष किती आणि समाजाचा किती, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. त्यांच्या दृष्टीने आत्म्याचे तारण ही निकडीची गोष्ट होती आणि पत्नीने यावे अशी वाट त्यांनी ठेवली होती. परंतु ‘यमुनापर्यटना’त पतिपत्नी दोघेही एकाच वेळी, एकाच मनाने नव्या श्रद्धेकडे झुकतात, दोघेही एकमेकांशी त्याविषयी बोलतात, एकाच गाडीतून एकाच वाटेने जातात, हे वाचताना लेखकाच्या आयुष्यात जे घडले नाही तेच येथे घडत आहे असे जाणवते.

२५-२६ जुलै १८५६ च्या सुमारास विधवाविवाहाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’ हे पुस्तक निघाले. शीर्षकाचा उत्तरार्ध पाहता हे निरूपण आहे, निबंध आहे. पूर्वार्ध पाहता ती कथा आहे, आणि पुस्तकाच्या या दोन स्वभावांत शेवटपर्यंत ओढाताण चालते. यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली. तिचा नवरा विनायक शहाणा, प्रेमळ व बायकोला बरोबरीने वागवणारा. दोघे महाराष्ट्रात प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी विधवा भेटतात. कोणाचे केशवपन बळजबरीने झालेले, कोणी घरातल्याच पुरुषाच्या वासनेला बळी पडलेली, कोणी लोकलाजेस्तव गर्भ पाडण्याच्या वा मूल टाकण्याच्या वळणावर आलेली. मग प्रवासातच विनायक मरतो. मरणापूर्वी तो आपली श्रद्धा उघड करतो. आतापर्यंत इतरांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच कहाणी होते. सासरची माणसे तिच्या केसांपर्यंत येतात. ती सुटते, ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी तिचा पुनर्विवाह होतो.

कथानकाचा हा शेवट प्रचारकी आहे, याबद्दल दुमत नाही. समीक्षकांनी तो दोष वारंवार दाखवला असून तो दाखवताना पुस्तकातील मधला भाग पुरेसा वाचला नाही, असेही म्हणावे लागते. त्या मधल्या भागाचे सामर्थ्य निरीक्षणात आहे. विधवेला घरात कोणती कामे पडतात, तिच्या समोर येण्याने कोण थांबते, तिला कोण काय म्हणते, तिच्या जेवणाची वेळ कोणती, तिच्या अंगावर नजर टाकणारा पुरुष पंक्तीत कोणत्या मानाने बसतो, हे सगळे कथेच्या ओघात येते. लाज ही भावना म्हणून न येता व्यवस्था म्हणून येते. घरातला प्रत्येक माणूस तिचा एकेक हिस्सा सांभाळतो : न्हावी केसांचा, सासू जेवणाचा, शेजारीण नजरेचा, उपाध्या तिथीचा.

याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाला प्युरिटनांच्या एका वंशजाने हाच प्रश्न आपल्या पूर्वजांना विचारला होता. नाथानिएल हॉथॉर्न मॅसेच्युसेट्समधील सेलम गावचा. त्याचा एक पूर्वज १६९२ च्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता. त्याची ‘द स्कार्लेट लेटर’ १८५० मध्ये, म्हणजे ‘यमुनापर्यटना’पूर्वी सात वर्षे, प्रसिद्ध झाली. सतराव्या शतकातील बोस्टनमध्ये हेस्टर प्रिन ही स्त्री नवरा दूर असताना आई होते. सारे गाव तिला मुलासह चौथऱ्यावर उभे करते आणि व्यभिचाराचे आद्याक्षर लाल रंगात छातीवर वागवण्याची शिक्षा देते. मुलाचा बाप हा त्याच गावाचा आवडता धर्मोपदेशक. तो गप्प राहतो आणि त्या गुपिताने आतून झिजत जातो. बाबांनी ही कादंबरी वाचली होती असे म्हणण्यास आधार नाही आणि प्रभावाचा प्रश्न येथे नाही. एकाच धर्मपरंपरेच्या दोन शाखांच्या छायेत वाढलेल्या दोन लेखकांनी एकाच दशकात स्त्रीच्या देहावर लिहिलेली लाज वाचली, इतकेच येथे पाहायचे आहे.

दोन्ही कथांतला लाल रंग मात्र उलट दिशांनी काम करतो. बोस्टनमध्ये तो लादला जातो, महाराष्ट्रात तो काढून घेतला जातो. हेस्टरने काहीतरी केलेले आहे. तिचे कृत्य पाप होते की नाही यावर वाद घालता येतो, पण कृत्य आहे. यमुनेला भेटणाऱ्या विधवांनी बहुधा काहीच केलेले नाही. नवरा मेला, एवढाच त्यांचा अपराध, आणि तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून त्यांच्या माथी मारलेला. शिक्षा आधी होते आणि पाप मागाहून घडवले जाते : केस काढून, उपाशी ठेवून, एकटी पाडून ज्या स्त्रीला घरातल्या पुरुषाच्या हाती दिले तिला दिवस गेले की गाव म्हणते, पाहा, विधवेचा धर्म किती कठीण. पदमनजींच्या कथेतील ही उलटी कार्यकारणसाखळी हेच तिचे सर्वांत मोलाचे दर्शन होय. हॉथॉर्नला मनाची खोली पदमनजींहून कितीतरी अधिक दिसली. लाज उत्पन्न करणाऱ्या यंत्राचे भाग पदमनजींना अधिक स्पष्ट दिसले.

एका बाबतीत मात्र दोन्ही समाज सारखे आहेत. पुरुषाचे पाप दिसत नाही. उपदेशक चौथऱ्यावर सात वर्षांनी चढतो आणि तोही मरताना. हेस्टरला ती मुदत नव्हती, कारण तिचे गुपित तिच्या पोटात वाढत होते. परमहंस सभेच्या सभासदांना बंद दार मिळत होते; त्यांच्याच घरातल्या विधवेला कपाळ झाकता येत नव्हते. सभेतील अनुभव आणि विधवांच्या कहाण्या बाबांच्या मनात जवळजवळ होत्या की नाही, हे सिद्ध करता येत नसले तरी त्यांच्या लेखनात गुप्तता ही पुरुषांची सवलत म्हणून पुनःपुन्हा येते.

विधवेची ही दशा सर्व जातींत एकसारखी नव्हती, ही गोष्ट ‘यमुनापर्यटना’च्या चर्चेत निसटते. केशवपन ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत होते. करमाळा, माढा या भागातील कुणबी, धनगर आदी जातींत विधवेचा पाट लागत असे आणि तिच्या कपाळी पुन्हा कुंकू येई, जरी पाटाच्या बायकोला शुभकार्यात पहिल्या लग्नाच्या बायकोचा मान नसे. ज्या जातीला वर चढायचे असे ती आधी आपल्या विधवांचे पाट बंद करी. प्रतिष्ठेची किंमत ज्यांच्याकडून वसूल होई त्यांना ती प्रतिष्ठा कधीच मिळत नसे. बाबांची स्वतःची ज्ञात ब्राह्मणेतर असूनही आचाराने वरच्या पायरीकडे पाहणारी होती. हे ताण त्यांनी जवळून पाहिले असले पाहिजेत.

आणखी एक प्रश्न कादंबरीला विचारता येतो, जो तिने स्वतःला विचारलेला नाही. पुनर्विवाहानंतर यमुनेच्या कपाळावर काय होते? मिशनऱ्यांच्या लेखी कुंकू हे हिंदू धर्माचे चिन्ह होते आणि ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने ते सोडावे अशी त्यांची सर्वसाधारण अपेक्षा असे. म्हणजे विधवा यमुनेचे कपाळ मोकळे आणि सुखी, विवाहित, ख्रिस्ती यमुनेचेही मोकळेच. शेजारणीच्या नजरेला या दोन कपाळांत फरक कसा कळणार? लेखकाच्या दृष्टीने तो फरक अंतःकरणात होता. रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीला अंतःकरण घेऊन जाता येते, पण लोक कपाळ पाहतात. पुढे मराठी ख्रिस्ती कुटुंबांत कुंकवाविषयी जी भिन्न वळणे पडली त्यांचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात शोधता येईल.

कादंबरीनंतरच्या पंचवीस वर्षांत तिच्यातील प्रसंग महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात एकामागून एक उतरले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि तेथे जन्मलेला काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा पुढे दत्तक घेतला. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे १८७५ मध्ये तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने तशीच संस्था निघाली आणि प्रार्थना समाजाने ती चालवली. पंढरपूरची निवड अपघाती नव्हती. यात्रेच्या गर्दीत अनोळखी होऊन बाळंत होता येते, म्हणून दूरदूरच्या गरोदर विधवांना तेथे आणून सोडले जाई. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथे आगगाडीतून उतरून पुढे बैलगाडीने जाणाऱ्या वारकऱ्यांत अशा किती जणी होत्या त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. केमच्या रुळांवरून याच गाड्या जात. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्यावरून उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून पुढच्या वर्षी ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. व्यभिचार हा शब्द पुरुषाला लावण्याचे जे काम बाबांनी १८५४ मध्ये भीतभीत सुरू केले होते ते ताराबाईंनी बेडरपणे पुरे केले. पुढे याच लोहमार्गावर, केमच्या बऱ्याच अलीकडे, केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन उभे राहिले.

बाबांचे उर्वरित आयुष्य घटनांनी भरलेले असले तरी त्याला फार विस्तार नको. पुण्यात फ्री चर्चच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले, १८६७ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १८७३ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी ते पद सोडले आणि पुढे मुंबईत बायबल व ट्रॅक्ट सोसायट्यांच्या संपादनकार्यात ते रमले. मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप १८६३ मध्ये निघाला आणि तो शाळकरी मुलांपासून मुलकी अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांच्या हाती होता. ‘सत्यदीपिका’ हे नियतकालिक त्यांनी संपादिले. त्यांच्या नावावर शंभरावर पुस्तके आहेत. त्यांतील बहुतेकांकडे आज केवळ ग्रंथसूचीकार वळतात. कोशकार बाबांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या माणसाने शब्दांच्या अर्थछटा आयुष्यभर वेचल्या त्याच्या कथेत विधवेसाठी वापरले जाणारे शिवीवजा शब्द नेमक्या ठिकाणी, नेमक्या तोंडी येतात. हे कान निबंधकाराचे नव्हेत.

कथेकडे बाबा त्या ताकदीने पुन्हा वळले नाहीत. पाळकाच्या कामाने त्यांना व्याख्यान दिले, वाद दिला आणि टीकाग्रंथ दिले. यमुना पुन्हा दिली नाही. धर्मसत्य थेट सांगता येत असताना कथेचा आडोसा कशाला, असा प्रश्न प्युरिटन परंपरेतल्या लेखकाला नेहमीच छळतो. हॉथॉर्ननेही आपल्या कठोर पूर्वजांना कथा लिहिणारा वारस कसा वाटला असता याची खंत बोलून दाखवली आहे. बाबांच्या बाबतीत हा प्रश्न पूर्वजांचा नव्हता, नव्या मंडळीचा होता.

२९ ऑगस्ट १९०६ रोजी बाबा पदमनजी यांचे निधन झाले. त्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’मधून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध केली होती. तिच्या नायिकेचे नावही यमुनाच. या दुसऱ्या यमुनेला मिशनची शाळा लाभत नाही, पर्यटन लाभत नाही आणि सुटकाही लाभत नाही. मुंबईतल्या थोड्याशा मोकळ्या दिवसांनंतर नवरा मरतो आणि तिचे केशवपन होते. पहिल्या यमुनेला जेथून निसटता आले त्याच खोलीत दुसरी अडकते आणि तेथूनच आपली कहाणी स्वतः लिहिते.